दाणापाणी : किल्ली आणि कुलूप



जुलैतल्या एका रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, झोपलात का?" असं विचारणाऱ्याला आपण जागेच असायला हवे असतो, म्हणून उठून बसलो.

हा भाचा पुण्यातली नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी इंदूरला परतला आणि महूच्या पुढे त्याने ३००० ब्रॉयलर कोंबड्यांची शेड टाकली. तेव्हा आमच्या ताईने आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. "इंजिनिअर केला तो काय कोंबड्या राखायला?" आता तीच रोज सकाळी बाजारभाव बघते आणि शेजारणींना सांगते, "आज आमच्याकडे लिफ्टिंग आहे."

फोनचं कारण खाद्याचा खर्च. ब्रॉयलर वाढवायला शंभर रुपये लागले तर त्यातले पासष्ट-सत्तर खाद्यावर जातात. खाद्यात सगळ्यात जास्त मका असतो, पण खिशाला चिमटा बसतो तो सोयाबीनच्या पेंडीचा. व्यापारी तिला डीओसी म्हणतात, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. भाचा खाद्य घरीच दळतो आणि मिसळतो. एका विक्रेत्याने त्याच्यासमोर एन्झाइमचा पुडा ठेवला आणि सांगितलं, "टनामागे ५० किलो डीओसी काढा, तेवढी तुरीची चुणी घाला आणि हे टाका. वजन तेवढंच भरेल." चुणी तर आपल्याकडे दालमिलमधून हवी तेवढी मिळते, आणि स्वस्त.

"मामा, करू का?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी ये. पोहे खाऊ आणि बोलू."

हो किंवा नाही असं फोनवरच सांगता आलं असतं. सदर नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो, महूच्या व्हेटरनरी कॉलेजातून शिकून मी पस्तीस वर्षं खाद्याच्या कारखान्यांत फॉर्म्युले बसवले. पण याच विषयात मी एकदा फार चटकन निर्णय घेतला होता आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली होती. म्हणून हल्ली या प्रश्नाला रात्री उत्तर देत नाही.

सकाळी भाचा आला तेव्हा सौभाग्यवतींनी मोड आणायला बांधलेली मटकी ओट्यावर होती. तिथूनच सुरुवात केली.

मटकी काय, हरभरा काय, सोयाबीन काय, सगळ्या शेवटी बिया. बी म्हणजे रोपाची शिदोरी, ती झाडाने आपल्यासाठी बांधलेली नसते. म्हणून त्या शिदोरीला कुलपं असतात. आपल्या आज्या-पणज्यांनी ती कुलपं कशी उघडायची ते शोधून ठेवलं होतं. कडधान्य रात्रभर भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, मोड आणायचे, नीट शिजवायचं, वर हिंग-आलं घालायचं. कोंबडीला भिजवून, मोड आणून कोण घालणार? तिला पीठ दळून मिळतं आणि चार-पाच तासांत ते पोटातून बाहेर पडतं. गाईसारखी चार कप्प्यांची सोय तिच्याकडे नाही. तेव्हा एन्झाइम, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातली विकरं, हे मोड आणण्याचंच काम पुडीतून करतात.

यात किल्ली-कुलपाची उपमा माझी नाही. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये ती दिली. एक विकर एकाच प्रकारच्या जोडावर चालतं, जशी एक किल्ली एकाच कुलपाला लागते. तेव्हा पुड्यावर 'एन्झाइम' लिहिलंय एवढ्याने काही कळत नाही. कुठल्या कुलपाचं, हे विचारावं लागतं.

सोयाबीनचं पहिलं कुलूप म्हणजे ट्रिप्सिन अडवणारं प्रथिन. ट्रिप्सिन हा प्रथिनं पचवणारा आपल्या आणि कोंबडीच्या स्वादुपिंडातला पाचकरस. कच्च्या सोयाबीनमधलं हे द्रव्य त्यालाच धरून ठेवतं. कच्चं सोयाबीन खाल्लेल्या पिल्लाचं स्वादुपिंड जास्त रस गाळता गाळता सुजून मोठं होतं आणि वाढ मात्र खुंटते. ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. म्हणजे या कुलपाची किल्ली आहे उष्णता. पेंडीच्या कारखान्यात वाफेवर भाजणी होते ती यासाठीच.

पण भाजणी जास्त झाली तरी घात. पोळी करपल्यावर तिचं काय होतं? तसंच पेंडीतलं लायसिन साखरेबरोबर बांधलं जातं आणि कोंबडीच्या उपयोगाचं राहत नाही. करपलेल्या पेंडीतलं लायसिन परत आणणारी किल्ली कुठल्याही पुड्यात नाही.

दुसरं कुलूप फायटेट. बियांतला साधारण दोन-तृतीयांश फॉस्फरस या रूपात बंद असतो. कोंबडीकडे तो सोडवण्यापुरतं विकर नसतं. त्यामुळे फॉस्फरस खाद्यात असूनही हाडांना मिळत नाही, वर फायटेट कॅल्शियम आणि जस्तही धरून बसतं. मग आपण बाहेरून डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट घालतो, आणि बांधलेला फॉस्फरस विष्ठेतून जमिनीवर जातो. नेदरलँड्समध्ये डुकरं आणि कोंबड्या इतक्या झाल्या की हा फॉस्फरस पाण्यात उतरू लागला. तिथेच १९९१ मध्ये फायटेज हे विकर खाद्यासाठी विकायला आलं. ते मिळवलं होतं काळ्या बुरशीपासून, आपल्या घरी साठवलेल्या कांद्याच्या सालीवर जी दिसते तिच्याच जातीपासून.

तिसरं कुलूप रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांचं. या फोडायचं विकर कोंबडीकडे नाही आणि आपल्याकडेही नाही. राजम्याने किंवा वालाने पोट फुगतं ते यांच्यामुळे, आणि भिजवलेलं पाणी ओतून देतात तेही बरंचसं यांच्यासाठीच.

चौथं कुलूप चिकट तंतूंचं. गवारीच्या बियांतून डिंक काढला की जी चुरी आणि कोरमा उरतो, तो राजस्थानातून आपल्याकडे येतो. प्रथिनं भरपूर, पण मागे राहिलेला डिंक कोंबडीच्या आतड्यात खीर घट्ट व्हावी तसा सगळं घट्ट करतो. विष्ठा चिकट होते, खालचा तूस ओला राहतो, पायांना जखमा होतात. तिथे मॅनानेज नावाचं विकर खरोखर कामाला येतं. सोयाबीनमध्येही हा मॅनान असतो, पण गवारीच्या मानाने थोडा.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, "मग मामा, पुड्यात या सगळ्या किल्ल्या आहेत. प्रश्न सुटला की!"

मी त्याला कागद घेऊन बसायला सांगितलं. ५० किलो डीओसीत प्रथिनं साधारण २३ किलो. ५० किलो तुरीच्या चुणीत जेमतेम ८ ते १० किलो, त्यातही सालाचा भाग बराच आणि सालात टॅनिन, जे प्रथिनांनाच चिकटतं. म्हणजे टनामागे किमान १३ किलो प्रथिनं कमी पडली. एन्झाइम प्रथिनं तयार करत नाही. डब्यात जे आहे तेवढंच ते सोडवून देतं. डब्यातच नसेल तर किल्ली काय उघडणार?

भाचा गप्प झाला. मग मी त्याला सांवेरची गोष्ट सांगितली. घरात ती कोणालाच माहीत नव्हती.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका कारखान्यात होतो. सोयाबीन आणि डीसीपी दोन्ही चढले होते आणि मालक रोज विचारत, "फॉर्म्युला किती खाली आणता येईल?" मी वर्षभर साध्या भरड खाद्यात फायटेज वापरत होतो. टनात १०० ग्रॅम टाकायचं आणि डीसीपी पाच-साडेपाच किलो कमी करायचं, असा हिशोब. कोंबड्या ठणठणीत होत्या. मग कारखान्यात पेलेटचं मशीन आलं. खाद्यावर वाफ सोडायची, ८५ अंशांपर्यंत तापवायचं आणि दाबून गोळ्या पाडायच्या. मी तोच फॉर्म्युला तिकडे चालवला.

विकर हेसुद्धा प्रथिनच असतं. अंड्यातला पांढरा भाग तव्यावर पडला की घट्ट होतो आणि परत पातळ होत नाही, तसं तापलेलं विकर परत चालत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? परीक्षेत लिहून आलो होतो. पण विक्रेत्याच्या कागदावर 'उष्णता सहन करणारे' असं छापलेलं होतं आणि मला तपासणीचे पंधरा दिवस वाया घालवायचे नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात सांवेरकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "साब, चूजे खड़े नी हो रिये हैं." कर्ज काढून टाकलेली त्याची ही पहिलीच मोठी बॅच होती, २००० पिल्लांची. मी स्कूटरवर गेलो. शेडमध्ये पिल्लं गुडघ्यांवर बसलेली. खायच्या भांड्याकडे जायला पंख आपटत सरकत होती. एकाला हातात घेतलं आणि चोच दाबून पाहिली. रबरासारखी वाकली.

ज्याने हे शिक्षण घेतलंय त्याला यापुढे कुठली तपासणी लागत नाही. फॉस्फरस मिळालेला नव्हता. पण कारखान्यातून निघताना मालकांनी सांगितलं होतं, "खाद्याचं नाव काढू नका. पिल्लं अशक्त आली असतील." मी त्या शेतकऱ्यासमोर उभा राहून तेच वाक्य म्हटलं, "चूजे कमज़ोर आए होंगे." शब्द मालकांचे होते, तोंड माझं होतं.

परत आलो पण चैन पडेना. दुसऱ्या दिवशी विक्रीची वही काढली. त्याच आठवड्यात, त्याच फॉर्म्युल्याचं, त्याच पुड्यातलं फायटेज घातलेलं खाद्य देवासकडच्या एकाने भरड घेतलं होतं, गोळ्या नव्हे. त्याला फोन केला. त्याच्या कोंबड्या पळत होत्या. तेव्हा गोळ्यांचा आणि भरडीचा असे दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवले. भरडीत फायटेजची ताकद होती, गोळ्यांत नावाला उरली होती. हे कळायला आठ दिवस गेले. त्यानंतर फॉर्म्युला बदलला, डीसीपी परत घातलं.

पण त्या आठ दिवसांत सांवेरचा माणूस तीच पोती संपवत होता. कारण त्याला मी पिल्लं अशक्त आहेत असं सांगितलं होतं. तो हॅचरीशी भांडला, हॅचरीने त्याला पुढची पिल्लं द्यायला नकार दिला. काही पक्षी सावरले, पण ज्यांची हाडं वाकली ती वाकलीच. उरलेला माल व्यापाऱ्याने पडेल भावात उचलला. मालकांनी पुढच्या खरेदीवर त्याला थोडी सूट दिली, कशासाठी ते न सांगता.

दोन महिन्यांनी मी त्याच्याकडे गेलो आणि खरं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, "साब, उसी दिन बोल देते तो मैं दाना उसी दिन बदल देता." पुढे त्याने शेडमध्ये कांदा भरायला सुरुवात केली. कोंबड्या परत टाकल्या नाहीत.

मंडळी, मी एन्झाइमच्या विरोधात आहे असं यावरून समजू नका. ती चांगली वस्तू आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी जवाच्या खाद्यात विकरं घालून पिल्लांची वाढ सुधारून दाखवली, तेव्हापासून हे शास्त्र पुढेच गेलं आहे. आता उष्णता सोसणारी, आवरण दिलेली विकरं मिळतात आणि मोठे कारखाने गोळ्या थंड झाल्यावर वरून द्रव फवारतात. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्या मंडीत सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेलं होतं, आठवतंय? त्या ऑगस्टमध्ये सरकारला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. अशा वर्षी डब्यात आहे ते पूर्ण सोडवून घेणाऱ्या किल्लीचं मोल फार असतं. पण नेमक्या अशाच वर्षी तिच्या नावावर नको तेवढी उधारीही घेतली जाते.

भाच्याला जे करायला सांगितलं ते इथे लिहितो. आपल्या वाचकांत शेड असलेले काही जण आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी पेंड तपास. युरियाच्या द्रावणात फिनॉल रेड घालून ते पेंडीच्या थरावर टाकलं की पाच-दहा मिनिटांत लाल ठिपके येतात. थोडे विखुरलेले ठिपके असले की भाजणी बरोबर. सगळा थर लाल झाला तर पेंड कच्ची. एकही ठिपका नाही तर ती करपली असण्याची शंका घ्यावी आणि प्रयोगशाळेत दाखवावी. पेंड वाईट असेल तर पुड्याचा विचार नंतर.

दुसरं, विक्रेत्याला विचार की यात कुठलं विकर, कशावर चालतं, किती ताकदीचं आणि किती तापमानापर्यंत टिकतं. मका-सोयाबीनच्या खाद्यात फायटेजचा फायदा जवळजवळ नक्की. गवार कोरमा वापरत असशील तर मॅनानेज बघ. चार विकरांचे चार फायदे कागदावर बेरीज करून मोजू नकोस. एकाच दाण्यातली तीच ताकद दोन विकरं आपापल्या नावावर दाखवतात आणि कोंबडीला ती एकदाच मिळते.

तिसरं, मिसळणं. १०० ग्रॅम पावडर टनात थेट ओतली तर एका कोंबडीला दहा पट आणि दुसरीला शून्य मिळेल. आधी एक किलो मक्याच्या पिठात, मग दहा किलोत, मग मिक्सरमध्ये. पुडा उन्हाच्या पत्र्याखाली ठेवायचा नाही आणि खनिज मिश्रणात मिसळून महिनोन्महिने साठवायचाही नाही.

आणि चौथं, सगळ्या शेडवर एकदम प्रयोग करायचा नाही. शंभर-शंभर पक्ष्यांचे कप्पे कर, पिल्लं एकाच दिवसाची घे, दर आठवड्याला वजन कर, उरलेलं खाद्यही मोजून लिही.

त्याने तीन कप्पे केले. एकात जुनं खाद्य. दुसऱ्यात विक्रेत्याने सांगितलं तसं, ५० किलो डीओसी काढून चुणी. तिसऱ्यात फायटेज घालून डीसीपी कमी केलेलं, पेंड फक्त १५ किलोने उतरवलेली आणि कमी पडणारं लायसिन-मिथिओनिन वरून घातलेलं. पस्तिसाव्या दिवशी दुसऱ्या कप्प्याचं वजन स्पष्ट कमी भरलं आणि दर किलो वजनामागे खाद्य जास्त लागलं. पहिला आणि तिसरा बरोबरीत आले, तिसऱ्याचा खर्च थोडा कमी. थोडा म्हणजे किलोमागे काही पैसे. पण ३००० पक्षी आणि वर्षाच्या पाच-सहा बॅच धरल्या तर त्या पैशांचे रुपये होतात.

आता घरातल्या मंडळींसाठी. ताईच्या भिशीत कोणीतरी विचारलं म्हणे, "कोंबडीला औषधं घालून फुगवतात ना?" विकर म्हणजे हार्मोन नव्हे आणि प्रतिजैविकही नव्हे. ते प्रथिन आहे, आपलं काम झाल्यावर कोंबडीच्याच पोटात पचून जातं. ब्रॉयलर इतका लवकर वाढतो तो पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि मोजून दिलेल्या खाद्यामुळे. प्रतिजैविकांच्या गैरवापराचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर एखाद्या अंकात वेगळं लिहीन.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला, या वेळी दिवसा. शेजारच्या गावातल्या एका पोरानेही तोच पुडा घेतला होता आणि ५० किलोचाच प्रयोग सगळ्या शेडवर केला होता. पक्षी मागे पडले होते. "मामा, त्याला सांगू का? विक्रेता माझ्याही ओळखीचा आहे, उगाच वाईटपणा येईल."

मी विचारलं, "त्याच्याकडे अजून किती पोती शिल्लक आहेत?"

"बारा-पंधरा असतील."

"मग फोन ठेव आणि आधी त्याच्याकडे जा."

तो गेला. वाईटपणा आला की नाही, ते मी विचारलेलं नाही.

पुढच्या अंकात भेटूच. तोवर नमस्कार.